आधी अर्थिंग, मग आय-फाइव्ह

कॉम्प्युटरच्या दुकानात पाय ठेवला की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, "ताई, प्रोसेसर कोणता टाकू?" मी तो प्रश्न सगळ्यात शेवटी घेते. अमळनेरात बारा मशिनांचा टायपिंग क्लास चालवायचा, तर पैसा भिंतीतल्या सॉकेटपासून खर्च करत यायचा आणि प्रोसेसरपाशी पोचल्यावर जे उरेल त्यात भागवायचं, असं माझं ठाम मत आहे. पुण्यात बसलेल्या माणसाला हे उलटं वाटेल. त्याच्या लॅबवर पत्रे नसतात, आणि मे महिन्यात त्याच्या गावाचा पारा पंचेचाळिसाला जाऊन टेकत नाही.

क्लास मूळचा आप्पांचा. खटखट करणारी रेमिंग्टनची यंत्रं, रिबन, तेलाची कुपी, दर रविवारी साफसफाई. पुढे राज्य परीक्षा परिषदेनं टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर आणली, जीसीसी-टीबीसी, आणि यंत्रं माळ्यावर गेली. मुलं मात्र तीच येतात: कोर्टातला क्लार्क, झेडपी. कुठल्याही जाहिरातीत "मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट" ही ओळ असते तोवर आमचं बरं चाललंय. बोलताना अजून आम्ही सगळे कॉम्प्युटरला "मशीन"च म्हणतो.

या वेळी मशिनं बदलायची म्हटल्यावर आप्पांचा पहिला सवाल, "चाली राह्यनं ना, मंग काबर बदलस?" सवाल रास्त आहे. टायपिंगला लागतं काय? दहा बोटं आणि एक सरळ रेघ. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क यावर मुलांनी चाळीसचा स्पीड काढलाय. पण विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी मुदतवाढीत नाव घातलं त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, पुढे घरगुती वापराला काही नाही. आमच्या मशिनांवर नुसतं टायपिंग होत नाही. परीक्षेचे फॉर्म भरले जातात, फी भरली जाते, मुलांच्या आधारच्या प्रती स्कॅन होतात. दुसऱ्याच्या पोरांची कागदपत्रं ठेवायची आणि मशीन उघडं टाकायचं, हे मला पटत नाही.

विंडोज ११ या जुन्या मशिनांवर रीतसर बसत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा. आडवाटेनं बसवून देणारे गल्लोगल्ली आहेत. पण आडवाटेनं बसवलेल्याला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग एवढा खटाटोप कशाला?

तर बदलायचं ठरलं. दोन सत्रांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत काम उरकायचं होतं, आणि सुरुवात वायरमनपासून केली.

अर्थिंगचं सांगते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. जुन्या मशीनच्या लोखंडी कॅबिनेटला पायाचा अंगठा लागला की झिणझिण्या यायच्या. मुलं त्याला "करंट मारतं" म्हणत आणि चपला घालून बसत. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी गाळणीसारखे छोटे कपॅसिटर असतात. फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून ते कॅबिनेटला जोडलेले असतात, आणि त्यांच्यातून गळणारा किंचितसा करंट अर्थच्या वायरनं जमिनीत जावा अशी रचना असते. जमिनीची वाटच बंद असेल तर कॅबिनेटवर निम्म्या व्होल्टेजच्या आसपास दाब तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून माणूस दचकतो आणि वाचतो. पण यूएसबी पोर्ट, नेटवर्कचं कार्ड, मॉनिटरची केबल यांच्यातूनही तो वाट शोधत असतो, आणि पावसाळ्यात वीज कडाडली की त्याच वाटेनं मदरबोर्ड जातो.

वायरमननं मल्टिमीटरचं एक टोक न्यूट्रलला आणि दुसरं अर्थला लावलं. दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक समजायचं. आमचा दोन आकडी आला. सॉकेटमध्ये तिसरी पिन होती, तिच्यामागे हिरवी वायरही होती, पण ती वायर मागच्या अंगणात ज्या पाइपाला जोडली होती त्याचा खालचा भाग गंजून संपला होता. नवीन खड्डा केला, तांब्याची प्लेट, कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. आपली जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती छान ओली राहते आणि अर्थिंग उत्तम मिळतं. एप्रिलमध्ये तिला हातभर भेगा पडतात, ती प्लेटला सोडून बाजूला होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या नरसाळ्यात. तुळशीला घालायला जाते तेव्हाच घालते. या सगळ्याला जो खर्च आला त्यात एका मशीनचा मॉनिटरसुद्धा आला नसता.

त्यानंतर इन्व्हर्टर. इथे बहुतेक क्लासवाले प्रत्येक मशीनखाली सहाशे व्हीएचा एक-एक यूपीएस ठेवतात. त्याच्या पोटातली बॅटरी बारा व्होल्ट, सात अँपिअर-तास. म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास, प्रत्यक्षात जोरात खेचल्यावर त्याच्या निम्मेच हाती लागतात. जुनं मशीन आणि मॉनिटर मिळून शंभर वॉट खात असेल, तर पंधरा-वीस मिनिटं, तीही बॅटरी नवी असताना. उष्णतेत शिशाच्या बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं घटतं; पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य अर्धं, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, मशीनच्या गरम हवेत ठेवलेल्या त्या बारा डब्यांचं काय होत असेल ते सांगायला नको. दुसऱ्या उन्हाळ्यात वीज गेली की "टूं" करतात आणि मशिनाबरोबरच मान टाकतात.

मी एकच मोठा इन्व्हर्टर घेतला, चोवीस व्होल्टचा, दीडशे अँपिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्यांसह. हिशेब साधा आहे: कागदावर ३६०० वॉट-तास, त्यातले निम्मे धरून चालायचे. नवीन मशिनं आणि मॉनिटर मिळून सहाशे वॉटच्या आत राहिली तर तीन तास सुखानं निघतात. जुन्या मशिनांवर हाच इन्व्हर्टर दीड तासात दमला असता. वीज कमी खाणारं मशीन घ्यायचं ते बिलापेक्षा या कारणासाठी. बॅटऱ्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेवढा हात सैल झाला. बॅटऱ्या पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. आमच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, रांजणाशेजारी आहेत.

इन्व्हर्टर घेताना दोन गोष्टी विचारायच्या. एक, प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट, आहे का? स्क्वेअर वेव्हवर पंखा घुरघुरतो आणि चालतो, पण चांगल्या कंपनीच्या कॉम्प्युटरमधला एसएमपीएस कधीकधी त्यावर चालायचंच नाकारतो. दोन, यूपीएस मोडचं बटण आहे का? वीज गेल्यावर कॉम्प्युटरचा एसएमपीएस आपल्या पोटातल्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण दहा मिलिसेकंदांत उडी मारतो, साध्या मोडमध्ये तो त्याहून बराच उशीर करू शकतो. बटण उलट्या बाजूला असेल तर एवढा मोठा इन्व्हर्टर असून बाराच्या बारा मशिनं रीस्टार्ट होतात आणि मुलं "होऽऽ" करून ओरडतात.

आता मशिनं.

जळगावला गोलाणी मार्केटला गेले. धुळे आम्हाला जवळ आहे, पण पाच दुकानं एका जिन्यात पाहायची तर गोलाणीच. तिथे तीन पर्याय समोर आले. नवीन असेंबल केलेलं मशीन, बाराव्या पिढीचा आय-थ्री टाकून. वापरलेलं पण तपासून पुन्हा विकायला काढलेलं कंपनीचं मशीन, म्हणजे डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं प्रोडेस्क, लेनोवोचं थिंकसेंटर, जी मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षं वापरून एकगठ्ठा काढून टाकतात. आणि तिसरा, तळहाताएवढा मिनी पीसी, इंटेलच्या एन-१०० चिपचा.

मिनी पीसीवर माझा जीव गेला होता. एन-१०० ची चिप नावाला सहा वॉटची. चार कोअर, टायपिंगला आणि ब्राउझरला पुरून उरतील. मॉनिटरच्या पाठीला अडकवला की टेबल मोकळं. पण आमचा क्लास ज्या रस्त्यावर आहे तिथून हंगामात कापसाच्या ट्रॉल्या जातात. दिवाळीपासून पुढे हवेत रुई तरंगते. जुन्या मशिनांचं झाकण काढलं की पंख्यामागच्या पट्ट्यांवर राखाडी गादी बसलेली असते, चिमटीत धरून अख्खी सोलून काढता येते. मिनी पीसीचा पंखा लॅपटॉपसारखा चपटा आणि त्याच्या पट्ट्या केसाएवढ्या अंतरावर. एका हंगामात त्या बुजणार, आणि उघडून साफ करायचा तर नाजूक काम, माझ्याकडच्या ब्लोअरचं नाही. बिनपंख्याचेही मिळतात, पण पंचेचाळिसाच्या दुपारी बिनपंख्याचं काहीही विकत घ्यायला माझं मन धजावलं नाही. इंटेलच्या प्रोसेसरची सहनशक्ती शंभर अंशांच्या आसपास असते आणि खोलीचं तापमान त्याच्या गरमीत सरळ मिळवलं जातं. बाहेर पंचवीस असताना पासष्टवर असलेला प्रोसेसर बाहेर पंचेचाळीस झाल्यावर पंचाऐंशीवर जातो. ज्यांच्या ऑफिसात एसी आहे आणि खिडक्या बंद असतात, एखाद्या सीएचं ऑफिस किंवा पॅथॉलॉजी लॅबचं काउंटर, त्यांनी मात्र डोळे झाकून मिनी पीसी घ्यावा.

एका दुकानात (नाव राहू द्या) मला "आय-सेव्हन फक्त एवढ्यात" म्हणून एक चकाचक मशीन दाखवलं. नवा कॅबिनेट, आत निळे दिवे. मी मॉडेल नंबर विचारला तर उत्तर, "ताई, आय-सेव्हन म्हणजे सगळ्यात वरचा भो, आता नंबरात काय बघायचं?" नंबरातच सगळं असतं. तो आय-७ ३७७० निघाला. डॅशनंतरचा पहिला आकडा तीन, म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालचा माल. विंडोज ११ च्या यादीत तो नाही. आय-५ ८५०० मधला आठ म्हणजे आठवी पिढी, २०१८ चा, सहा कोअर, यादीत आहे. चार आकडी नंबरात पहिला आकडा पिढीचा, पाच आकडीत पहिले दोन, १२१०० म्हणजे बारावी. एवढं पाठ असलं की निम्मी दुकानदारी आपसूक बंद पडते.

असेंबल की रिफर्बिश्ड, म्हणजे ते वापरलेलं कंपनीचं, यात माझा बराच वेळ गेला. असेंबलची जमेची बाजू मोठी आहे: त्याचा एसएमपीएस उडाला तर अमळनेरात संध्याकाळपर्यंत दुसरा मिळतो. ऑप्टिप्लेक्सचा उडाला तर त्याची पिन वेगळी, मदरबोर्डवरचं सॉकेट वेगळं, बाजारातला साधा एसएमपीएस त्याला लागत नाही. जळगावलाही लगेच मिळेल असं नाही. उलट बाजूला, कंपनीच्या मशीनचा सांगाडा जाड पत्र्याचा, हवा समोरून आत आणि मागून बाहेर अशी सरळ वाट, झाकण स्क्रू-ड्रायव्हरशिवाय उघडतं. ब्लोअर मारायला दोन मिनिटं. (ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवायची. तो भणाणा फिरू दिला तर बेअरिंगची वाट लागते.)

पारडं शेवटी रॅमनं फिरवलं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की दुकानदार सकाळचा भाव संध्याकाळी देत नाहीत. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी महागडी मेमरी बनवण्याकडे कारखाने वळले, आपल्या साध्या डीडीआर-४ आणि डीडीआर-५ रॅमला जागा उरली नाही. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं, की क्रुशियल नावानं किरकोळ ग्राहकांना रॅम आणि एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवरची डिस्क) विकणं ते बंद करणार. नवीन असेंबल मशिनात ही सगळी महागाई ताजी भरावी लागते. वापरलेल्या मशिनात मात्र आठ जीबी रॅम आधीच बसलेली असते, जुन्या भावाची. तिचाही भाव दुकानदार थोडा चढवतो, तो काही साधू नाही. तरी बारा नगांवर फरक एवढा पडला की इन्व्हर्टर त्यातच निघाला. म्हणून कुणी सध्या विचारलं तर सांगते, रॅम काढून स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका, रॅमसकटच उचला.

आय-५ ८५०० ची छोट्या कॅबिनेटची मशिनं घेतली, सगळी एकाच मॉडेलची. हा माझा हट्ट होता. दुकानदाराकडे सात एकीची आणि पाच दुसरीची होती आणि तो म्हणत होता, "काय फरक पडतो?" एकाच मॉडेलची असली की एकाचा एसएमपीएस दुसऱ्याला लागतो, एका मशीनवर विंडोज आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर नीट बसवून त्याची प्रत बाकीच्यांवर चढवता येते, आणि बिघाड झाला तर शेजारच्याचा पार्ट लावून पाच मिनिटांत कळतं की दोषी कोण. तो थांब म्हणाला, मी थांबले, सगळी एकीची आली.

घेताना प्रत्येक मशीन लावून पाहिलं. दुकानदार कंटाळला, त्याला चहा मागवायला सांगितला. पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो नेलं होतं. ते एसएसडी किती तास चालली आहे आणि तिची तब्येत किती टक्के उरली आहे ते दाखवतं. दोन एसएसडी बदलून घेतल्या. रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाकून टीपीएम २.० दिसतं का ते पाहिलं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) आधीच्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना ते पाहिलं. विंडोजचं लायसन्स सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्ह दिसणं वेगळं आणि रीतसर असणं वेगळं, म्हणून बिलावर तेही लिहून घेतलं. एसएसडीबद्दल एवढंच: साधी साटाची २५६ जीबीची पुरते. एनव्हीएमई ही नव्या जातीची एसएसडी कागदावर कितीतरी पट वेगवान, पण टायपिंगच्या पोराला फिरत्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्याचा फरक कळतो, एसएसडीवरून एनव्हीएमईवर गेल्याचा कळत नाही.

मॉनिटर जुनेच ठेवले, फक्त तीन नवे. नवीन मशिनांना मागे डिस्प्ले पोर्ट आहे आणि जुन्या मॉनिटरांना निळी व्हीजीएची पिन, मध्ये कन्व्हर्टर लागतो. घेतले. काच चमकणारी नको, मॅट हवी. पश्चिमेची खिडकी संध्याकाळी पडद्यात उतरते.

आणि कीबोर्ड. यावर मी अख्खा दिवस बोलू शकते.

टायपिंग क्लासमध्ये खरं यंत्र कीबोर्डच आहे, बाकी सगळं त्याला टेकू. हिशेब करून बघा. नवशिका आणि तयार पोरगा यांची सरासरी धरून मिनिटाला शंभर ठोके, तासाला सहा हजार, दिवसाला आठ बॅच, म्हणजे एका कीबोर्डवर रोज पन्नास हजारांच्या घरात ठोके. इंग्रजी शब्द साधारण पाच अक्षरांचा धरला, तर त्यानंतर एक स्पेस, म्हणजे दर सहावा ठोका स्पेसबारवर. रोज आठ हजार, वर्षाला चोवीस लाख. साध्या मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखाली रबरी पडदा असलेल्या, कीबोर्डच्या बटणाचं आयुष्य कंपन्या पन्नास लाख ते एक कोटी ठोके सांगतात. बाकी बटणं ठणठणीत असताना स्पेसबार दोन ते चार वर्षांत जाणार हे आधीच लिहून ठेवलेलं आहे, आणि आपली धूळ त्यातलंही वर्ष खाते.

मराठीच्या बॅचला दुसरा बळी ठरलेला: के. रेमिंग्टन मांडणीत के वर काना असतो. मराठीत काना आधीच पदोपदी, पण गोष्ट तिथे थांबत नाही. भ काढायचा तर अर्धा भ आणि काना. ध, थ, ख, श, ण, ष, सगळ्यांचं तेच: आधी अर्धं अक्षर, मग के. "धाडस" शब्दात के दोनदा ठोकावा लागतो, एकदा ध पुरा करायला आणि एकदा काना म्हणून. त्यामुळे मराठीच्या मशिनांवर के चं अक्षर सगळ्यात आधी पुसतं, मग बटण गुळगुळीत होतं, मग ते खाली बसून वर यायला आळस करतं. पोरगा म्हणतो, "मॅडम, माझा काना खातंय." स्पीड अडकलेला असतो आणि दोष बोटांचा नसतो.

मग मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच असलेले, का नाही घेतले? त्याच्या बटणाचं आयुष्य पाच कोटी ठोके सांगतात, आवाज ऐकून आप्पा तर खूशच झाले, जुनी रेमिंग्टन परत आली म्हणाले. एक घेऊन महिनाभर मुलांना दिला. अडचण अशी की परीक्षा आमच्या क्लासमध्ये होत नाही, केंद्रावर होते, आणि केंद्रावर साधा मेम्ब्रेन असतो. हलक्या, खोल बटणांची सवय लागलेलं पोरगं तिथे पहिली पाच मिनिटं अडखळतं, आणि स्पीडच्या परीक्षेत पाच मिनिटं फार झाली. म्हणून उंच बटणांचे, वायरचे, पाचशेच्या आतले साधे मेम्ब्रेन घेतले, लॅपटॉपसारख्या चपट्या बटणांचे मुद्दाम टाळले. अक्षरं लेझरनं कोरलेली पाहिली, छापलेली नखानं निघतात. शिवाय त्याच मॉडेलचे सहा जादा, खोक्यात. के किंवा स्पेसबार गेला की दुरुस्तीच्या नादी न लागता नवा लावायचा. पूर्वी आप्पा जशी रिबन बदलायचे, कीबोर्डचा खर्च मी त्याच खात्यात टाकते. मेकॅनिकल आता आप्पांच्या टेबलावर आहे.

नेटवर्कचं चटकन सांगून टाकते. मशिनं एकमेकांना जोडायला सोळा पोर्टचा साधा गिगाबिट स्विच आणि कॅट-सिक्स केबल. केबल घेताना एक तार ब्लेडनं खरवडून पाहायची; आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, परत करा. वाय-फायच्या भानगडीत बारा मशिनांसाठी पडू नका.

जुन्या मशिनांचं काय? भंगारवाला दारात येऊन गेला, किलोवर भाव सांगून. हार्ड डिस्क मी आधीच काढून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर मागच्या कितीतरी बॅचच्या मुलांचे फोटो, सह्या, आधार. नुसतं डिलीट किंवा क्विक फॉर्मॅट केलं तर फुकटच्या सॉफ्टवेअरनंही परत निघतं. पूर्ण डिस्कवर शून्य लिहायला लावलं, एकेकीला काही तास गेले, रात्रभर लावून ठेवायच्या. दोन मशिनं शेजारच्या झेडपीच्या शाळेतल्या सरांनी मागितली, त्यांना ऑफलाइन वापरायला विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकून दिली. पेंटचं बटण कुठेय एवढाच प्रश्न मुलांनी विचारला, असं सर म्हणाले.

बिलाबद्दल एक. कॉम्प्युटरवर आयकरात चाळीस टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्माच. म्हणून मार्चच्या शेवटी गडबडीत खरेदी करण्यात फारसा अर्थ नाही, ऑक्टोबर उजाडायच्या आत लावून मोकळं व्हावं. बिलावर प्रत्येक मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी "हे मशीन आमचं नाहीच" हे वाक्य खान्देशात नवीन नाही.

मशिनं बारा चालतात, घेतली तेरा. तेरावं मागच्या खोलीत, झाकून. वीज कडाडून एखादं गेलं तर त्याचा एसएमपीएस, रॅम, एसएसडी, जे लागेल ते काढायचं आणि सातच्या बॅचला पोरगं आपल्या जागेवर बसवायचं. आप्पांनी त्याच्यावर जुन्या रेमिंग्टनची रेक्झिनची खोळ घातली आहे. ती त्याला थोडी मोठी होते.